एका मेजावर कृष्णा खोरे

पावसाळ्याच्या दिवसांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत रोज सकाळी पाणीपातळीचा तक्ता प्रसृत होतो. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथे गेल्या चोवीस तासांत किती पाऊस झाला, कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा या धरणांत किती पाणी साठले व किती सोडले जात आहे, आणि कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, सांगलीचा आयर्विन पूल, अंकली, म्हैसाळ येथे नदी किती फुटांवर आहे, हे त्यात नोंदलेले असते. नदीकाठच्या गावांतील जाणती माणसे हा तक्ता पंचांगासारखी वाचतात. नवज्याचा आकडा वाढला, की उद्या-परवा भिलवडीच्या बाजारपेठेत पाणी येईल काय, याचा अदमास ती आजच बांधतात.

या आकड्यांमागील गणित अवघड नाही. दर सेकंदास एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह पूर्ण एक दिवस वाहिला, तर एक अब्ज घनफूट, म्हणजे नेहमीच्या भाषेत एक टीएमसी पाणी होते. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून जलाशयात आला असे धरले, तर सव्वातीन टीएमसीला थोडे कमी इतके पाणी होते. हे पाणी एका दिवसात यायचे, तर सरासरी साडेछत्तीस हजार क्युसेकच्या आसपास आवक होते. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातून मात्र केवळ २,१०० क्युसेक पाणी नदीत सोडता येते. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळविण्यात येणारे पाणी वजा जाता उरलेले जलाशयात साठवावयाचे, किंवा सांडव्याचे सहा वक्र दरवाजे उचलून नदीत सोडावयाचे, हेच दोन मार्ग राहतात. जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. ती भरत आली, की पहिला मार्ग बंद होतो.

इथपर्यंतचा हिशेब शाळेतील मुलालाही मांडता येईल. निर्णय अवघड होतो तो पुढे. सोडलेले पाणी कोयना नदीतून काही तासांनी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सुमारे दिवसभराने सांगलीस पोहोचते. त्याच वेळी धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचे पाणी वरून आलेले असते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. धरणांच्या खालच्या बाजूस पडलेला पाऊस कोणत्याही दरवाजाच्या ताब्यात नसतो. म्हणून आज दुपारी कोयनेचा दरवाजा किती फूट उचलावयाचा, या प्रश्नाचे उत्तर उद्या रात्री हरिपूरच्या संगमावर वारणा किती भरलेली असेल, यावर अवलंबून राहते. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ मध्ये तेथील पाणी ५३ फुटांवर गेले. २०१९ मध्ये ते ५७ फूटही ओलांडून गेले. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि नदीने पुन्हा ५४ फुटांची खूण पार केली.

येथे प्रशासकीय भूगोलाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सीमा नकाशावर पडली. नदी पूर्वीप्रमाणेच वाहत राहिली. बहुतेक पाणी ज्या जिल्ह्यात अडते, त्या जिल्ह्यात सांगली शहर नाही. धरणावरील अभियंत्याला धरणाची सुरक्षितता सांभाळावयाची असते. सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना सखल भागातील वस्त्या वेळेवर हलवावयाच्या असतात. खाली कर्नाटकात अलमट्टीच्या जलाशयातून किती पाणी सोडले जाते, हा प्रश्न दोन राज्यांचा. यांतील प्रत्येकाजवळ चित्राचा एकेक तुकडा असतो, आणि ते तुकडे वेगवेगळ्या घटकेचे असतात. पावसाचा आकडा सकाळी आठचा, धरणाचा दहाचा, पुलाचा अकराचा, आणि निर्णय साडेअकराला. दूरध्वनीवरून हे तुकडे जुळवताना प्रत्येकाच्या मनात वेगळे चित्र उभे राहणे स्वाभाविक आहे.

सर्वांना एकच चित्र दिसावे, सर्वांनी त्यावर एकाच वेळी हात ठेवून बोलावे, ही गरज जुनी आहे. तिच्या पूर्तीसाठी अलीकडच्या काळात जे साधन पुढे आले, ते म्हणजे स्पर्शाला प्रतिसाद देणारे मेजपटल. भिंतीवरील पडद्याऐवजी मेजाचा पृष्ठभागच पडदा असतो. भोवती चार-सहा माणसे उभी राहतात आणि बोटांनी नकाशा सरकवतात, मोठा करतात, त्यावर खुणा करतात.

सोंगट्या आणि घड्याळ

या कल्पनेचा संगणकापूर्वीचा अवतार पाहणे उपयोगी ठरते. १९४० मध्ये ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू असताना ब्रिटिश हवाई दलाच्या नियंत्रण कक्षांत मोठ्या मेजांवर नकाशे पसरलेले असत. रडार केंद्रांकडून आणि निरीक्षकांकडून दूरध्वनीवर येणाऱ्या वार्तेप्रमाणे महिला कर्मचारी लांब काठ्यांनी सोंगट्या सरकवीत. वरच्या सज्जातून अधिकारी ते चित्र पाहत आणि कोणत्या तळावरून विमाने उडवावयाची ते ठरवीत. या व्यवस्थेतील सर्वांत चतुर भाग भिंतीवर होता. तेथील घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या तांबड्या, पिवळ्या व निळ्या पट्ट्यांत रंगवलेली असे. वार्ता ज्या रंगाच्या पट्टीत आली, त्या रंगाची खूण सोंगटीवर लागे. घड्याळाचा काटा पुढे गेला आणि एखादी सोंगटी मागच्याच रंगाची राहिली, तर ती माहिती शिळी झाली, हे दुरूनही दिसे.

माहितीचे वय तिच्या अंगावरच दिसले पाहिजे, हा धडा पूरनियंत्रणाला तंतोतंत लागू पडतो. आयर्विन पुलाचा अर्ध्या तासापूर्वीचा आकडा आणि तीन तासांपूर्वीचा आकडा आजच्या पडद्यांवर बहुधा एकाच अक्षरांत, एकाच रंगात दिसतात. वेळ बाजूला बारीक अक्षरांत असते, आणि घाईत ती कोणी वाचत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लाकडी सोंगट्या या बाबतीत अधिक शहाण्या होत्या.

मेजाला स्पर्श कसा कळतो

मेजपटल घडविण्याच्या रीती अनेक आहेत. १९९० च्या सुमारास केंब्रिज येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत पिअर वेल्नर यांनी साध्या टेबलावर वरून प्रक्षेपकाने चित्र पाडले आणि कॅमेऱ्याने हाताची हालचाल टिपली. टेबलावर खरा कागद आणि संगणकाचे चित्र शेजारी-शेजारी नांदू लागले. २००१ मध्ये अमेरिकेतील मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत डायमंडटच हे मेज तयार झाले. त्यात पृष्ठभागाखालील तारांतून अत्यंत क्षीण विद्युत संकेत सोडले जात, आणि स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून ते त्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचत. कोणत्या खुर्चीला संकेत मिळाला, यावरून स्पर्श कोणाचा, हे मेजाला समजे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस या नावाने जे मेज बाजारात आणण्याचे जाहीर केले, त्यात पडद्याखालचे अवरक्त कॅमेरे बोटे आणि वर ठेवलेल्या वस्तूही ओळखीत. या विशिष्ट यंत्रांचे दिवस सरले असले, तरी मोठ्या आकाराचे स्पर्शपडदे आता दुर्मिळ नाहीत, आणि आडवे ठेवले की त्यांचेही मेज होते.

यांपैकी डायमंडटचचा गुण सुरक्षिततेच्या कामात विशेष मोलाचा आहे. पाच जण भोवती उभे असताना गावाच्या नावापुढे ‘स्थलांतर पूर्ण’ अशी खूण उमटली, तर ती महसूल अधिकाऱ्याने केली की नकाशा सरकवताना कोणाचा तळहात चुकून टेकला, हे कळलेच पाहिजे. पुढे बाजारात आलेल्या बहुतेक स्वस्त पडद्यांना बोट कळते, बोटाचा धनी कळत नाही. विकत घेणाऱ्याने हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

मेजाभोवतीची माणसे

यंत्रापेक्षा त्याच्या भोवतालच्या माणसांचा अभ्यास अधिक उद्बोधक ठरला आहे. स्टेसी स्कॉट आणि शीलाह कार्पेंडेल यांनी सहकाऱ्यांसह २००४ मध्ये दाखवून दिले, की मेजाभोवती काम करणारी माणसे कोणी न सांगता पृष्ठभागाची वाटणी करतात. प्रत्येकाच्या पुढ्यातला भाग त्याचा खासगी, मधला सर्वांचा, आणि कडेचा भाग सामान ठेवण्याचा. सर्वांच्या भागात कोणी हात घातला, की बाकीच्यांचे लक्ष आपोआप तिकडे जाते. गावच्या पंक्तीत किंवा पंचांच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही हे नवीन वाटणार नाही. परंतु संगणकाची रचना करणाऱ्यांना ते सिद्ध करून दाखवावे लागले.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ यांनी केलेल्या निरीक्षणाचेही असेच आहे. गाड्यांचे नियमन करणारा अधिकारी चालकाशी बोलताना थोडे मोठ्याने बोलतो, आणि शेजारी बसलेला उद्घोषक ते ऐकून, कोणी सांगण्यापूर्वीच, फलाटावरील प्रवाशांना सूचना देऊ लागतो. एकमेकांकडे पाठ करून स्वतंत्र पडद्यांवर काम करणाऱ्यांना ही कानाची आणि नजरेच्या कडेची मदत मिळत नाही. मेजाचे सारे बळ या मदतीत आहे. वारणा धरणाच्या विसर्गावर एकाने बोट ठेवले, की समोरच्याला प्रश्न उमगतो आणि तो हरिपूरकडे पाहू लागतो.

उलट, जुने साधन घाईने मोडीत काढल्यास काय होते, याचीही उदाहरणे आहेत. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने कागदी चिठ्ठ्या बाजूला ठेवून संपूर्ण संगणकीय व्यवस्था सुरू केली. रुग्णवाहिकांची ठिकाणे चुकीची नोंदली जाऊ लागली, सूचनांचा ढीग साचला, आणि काही दिवसांतच सेवेला पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळावे लागले. पॅरिसजवळील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा अभ्यास करणाऱ्या वेंडी मॅके यांना आढळले, की नियंत्रक प्रत्येक विमानाची कागदी पट्टी हाताळतात, ती रांगेतून किंचित बाहेर सरकवतात, आणि त्या वाकड्या पट्टीवरून शेजारच्याला समजते की या विमानाकडे लक्ष हवे. कागद फेकण्याआधी कागद कोणते काम करीत होता, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कृष्णाकाठी असे मेज

कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस, नदीपातळी आणि धरणसाठा यांची स्वयंचलित केंद्रे उभारण्यात आली, आणि त्यांची माहिती पुण्यास एकत्र करून पुराचे अनुमान काढण्याची व्यवस्था झाली. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०२० मध्ये अहवाल सादर केला. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही आहेत: साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. थोडक्यात, मेजावर मांडण्यासारखे पुष्कळ आहे.

समजा, मेजावर महाबळेश्वरपासून म्हैसाळपर्यंतचा नकाशा आहे. अभियंता कोयनेवर बोट ठेवून विसर्ग वाढवतो. अर्थात नकाशावर, धरणावर नव्हे. लगेच कराड, बहे, ताकारी, भिलवडी आणि आयर्विन पूल यांच्यापुढे अनुमानित पातळ्या आणि त्या येण्याच्या वेळा उमटतात. सांगलीत सखल भागातील दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट यांच्या कडेने पाण्याची रेषा सरकते. पोलीस अधिकारी कोणता रस्ता किती वाजता बंद होईल ते पाहतो. आरोग्य अधिकारी त्या रस्त्यापलीकडच्या रुग्णालयाकडे बोट दाखवतो. महसूल अधिकारी म्हणतो, की तेवढी माणसे अंधार पडण्यापूर्वी हलणार नाहीत, विसर्ग चार तास आधी, पण कमी प्रमाणात सुरू करता आला तर पाहा. अभियंता दुसरी मांडणी करतो. पाच जणांनी एकमेकांच्या अडचणी एकाच चित्रावर, एकाच मिनिटाला पाहिल्या, एवढेच येथे घडले. पण पुराच्या रात्री एवढेही सहजासहजी घडत नाही.

बोटी आणि माणसे यांचा हिशेबही असाच. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. त्या दिवसांत एकाच वेळी अनेक गावे पाण्याने वेढली गेली होती. कोणत्या गावात किती माणसे अडकली आहेत, जवळची बोट कोठे आहे, ती किती माणसे पेलते, आणि तिला तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल, ही माहिती सोंगट्यांप्रमाणे नकाशावर ठेवलेली असेल, तर उणीव पाणी चढण्याआधी डोळ्यांत भरते. तरीही हे विसरून चालणार नाही, की गावात अडकलेल्यांचा आकडा कोणताही उपग्रह देत नाही. तो सरपंच, पोलीस पाटील आणि शाळामास्तर यांच्याकडूनच यावा लागतो. गोठ्यातली जनावरे सोडून कोण निघणार नाही, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांचा निरोप मेजापर्यंत पोहोचण्याची एक निश्चित वाट, आणि त्या निरोपावर वेळेचा शिक्का, यांची सोय नसेल, तर मेज केवळ शोभेचे राहील.

ओली बोटे

अडचणी काही तांत्रिक आहेत, काही मानवी. पावसातून आलेल्या माणसाचे हात ओले असतात. ज्या पडद्यांना विद्युत धारितेवरून स्पर्श कळतो, ते पाण्याच्या थेंबालाही बोट समजू शकतात. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या मेजांना खिडकीतून येणारे ऊन सहन होत नाही. आडवा पृष्ठभाग दिसला की माणूस त्यावर फाइल ठेवतो, चहाचा पेला ठेवतो, कोपर टेकतो. ही सवय बदलण्याचा आग्रह धरण्यापेक्षा मेजाने ती सोसणे बरे. भोवती उभे राहणाऱ्यांपैकी निम्म्यांना अक्षरे उलटी दिसतात. कोयना वर आणि सांगली खाली, ही दिशा अभियंत्याच्या बाजूने सरळ असेल, तर समोर उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्याला नदी उलटी वाहताना दिसते. गावांची नावे प्रत्येक बाजूला वळवून दाखविण्याची सोय म्हणूनच हवी.

वीज हा त्याहून मोठा प्रश्न आहे. नियंत्रण कक्षाला जनित्र असते. परंतु नदीकाठचे मनोरे बंद पडले, तर माहिती येणेच थांबते, आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच चमकत राहतो. पुराच्या कामात थांबलेला आकडा हा चुकीच्या आकड्याहून घातक असतो, कारण तो खोटा वाटत नाही. आयर्विन पुलावरील रंगवलेली पट्टी, ती वाचणारा माणूस आणि त्याच्या हातातील विजेरी यांना पर्याय म्हणून मेजाकडे पाहू नये.

आणखी एक मर्यादा पाळावी लागेल. मेजावरील स्पर्शाने धरणाचा दरवाजा हलता कामा नये. विचार मेजावर व्हावा. आदेश मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या नावाने, वेळेसह, लेखी जावा, आणि दरवाजा उचलण्यापूर्वी नदीकाठी सावधानतेचा इशारा जावा. मेजावर कोणती मांडणी कोणी केली, कोणत्या वेळी केली आणि ती का सोडून दिली, याची नोंद आपोआप राहते, हा मात्र या साधनाचा मोठाच लाभ आहे. पूर ओसरल्यावर ‘पाणी आधी का सोडले नाही’ हा वाद दरवेळी उठतो. नोंद असेल तर तो आठवणींवर लढवावा लागत नाही.

कोयनानगर, सातारा आणि सांगली येथील माणसे एका खोलीत येणे पुराच्या वेळी शक्य नसते. दोन-तीन ठिकाणची मेजे जोडून एकच नकाशा दाखवता येतो, परंतु समोरच्याचा हात दिसत नाही, आणि हात न दिसणे म्हणजे अर्धे बोलणे हरवणे. दूरच्या मेजावर इकडच्या हातांची छायाकृती उमटविण्याचे प्रयोग परदेशांतील प्रयोगशाळांत झाले आहेत, आणि बोलणाऱ्याने कोठे बोट ठेवले आहे, हे त्यामुळे समजते.

यंत्र येण्याची वाट न पाहताही बरेच करता येते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि मान्सूनपूर्व बैठका दरवर्षी होतातच. त्यांपैकी एका बैठकीत मोठ्या टेबलावर खोऱ्याचा कागदी नकाशा पसरावा. २०१९ च्या ऑगस्टमधील पाऊस, विसर्ग आणि पातळी यांच्या नोंदी तासातासाने मोठ्याने वाचाव्यात. आगपेटीच्या काड्यांच्या बोटी कराव्यात, तीन रंगांच्या टाचण्यांनी माहितीचे वय दाखवावे, आणि भिलवडी, ब्रह्मनाळ, अंकली यांसारख्या गावांच्या सरपंचांना टेबलाशी उभे करावे. तासाभरात कोणाकडे कोणती माहिती उशिरा पोहोचते, कोणाचा प्रश्न कोणालाच ऐकू जात नाही, आणि कोणत्या गावाची सोंगटी मागच्याच रंगाची राहते, ते सर्वांसमोर येईल. पुढे मेजपटल घ्यावयाचे ठरले, तर त्याच्याकडून काय हवे, याची यादी त्याच टेबलावर तयार झालेली असेल.